चाकं बदलताना

काठापर्यंत पाणी येईस्तोवर अलगदरावांनी बाटली तिरपी धरली, मग शेवटचे थेंब एकेक करून सोडले. पाणी पेल्याच्या कडेवर किंचित फुगून थांबलं. त्यांनी बाटलीला झाकण लावलं, खिडकीखालच्या फळीवर पेला मधोमध सरकवला आणि गरम भांड्यावरून काढावा तसा हात पटकन मागे घेतला.

"आता बघत राहा," ते म्हणाले.

"बघते," वहिनी म्हणाल्या.

समोरच्या बाकावरचा माणूस चष्म्यांच्या फ्रेमा विकत देशोदेशी फिरणारा होता. नमुन्यांची पेटी त्याने मांडीवर घेतली होती, जवळजवळ मिठीतच. तो म्हणाला, "काका, पेला खाली ठेवा. आता हे लोक डबा उचलतील."

"म्हणून तर ठेवलाय."

"अहो, पण..."

"बत्तीस वर्षं मीच उचलत होतो हे डबे," अलगदराव म्हणाले. "खालून."

चष्मेवाल्याने पेटीचा पट्टा एका भोकाने आवळला.

ते स्टेशन सीमेवरचं. अलीकडच्या देशातले रूळ अरुंद, पलीकडच्या देशातले रुंद. कुणी, कधी आणि कशासाठी असं करून ठेवलं ते आता कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे इथून पुढे जाणारी प्रत्येक गाडी स्टेशनालगतच्या लांबलचक शेडमध्ये नेत. डबे सुटे करत, एकेका डब्याच्या चार कोपऱ्यांना चार जॅक लावून तो माणसांसकट उचलत, खालची अरुंद चाकं ढकलून बाहेर काढत, रुंद चाकं आत सरकवत आणि डबा परत खाली टेकवत. प्रवासी आपापल्या जागी बसून राहत.

डबा उचलताना चौघांचा हात एका लयीत चालायला हवा. ती लय राखायला अलगदराव "अलगद... अलगद..." असं ओरडत, म्हणून त्यांचं नाव अलगदराव पडलं. मूळ नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं. आणि शेडमधले सगळे त्यांच्या बायकोला वहिनी म्हणत, म्हणून त्या साऱ्या गावाच्याच वहिनी झाल्या. पेल्यातलं पाणी हलू द्यायचं नाही, ही शेडची शेखी. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून अलगदरावांना हा स्टीलचा पेलाच भेट दिला होता. यातलं पाणी सांडलं तर पेन्शन बंद, असं म्हणून सगळे पोट धरधरून हसले होते.

पण अलगदराव स्वतः या गाडीत कधी बसले नव्हते. जाणार कुठे? पलीकडे त्यांचं कुणी नव्हतं. आणि जेव्हा कुणी झालं, तेव्हा जायला मन धजावलं नाही.

खिडकीबाहेर लंबू येऊन उभा राहिला. अलगदरावांच्या जागी आता तोच होता. नावाप्रमाणे उंच, म्हणून त्याचं डोकं बरोबर काचेच्या खालच्या कडेशी येत होतं. काच अजून उघडी होती.

"काय अलगदराव! आज वरून बघणार होय आम्हाला?"

"हात नीट चालव. पेला ठेवलाय."

"बापरे. म्हणजे परीक्षाच!" लंबूने मान वाकडी करून आत डोकावलं. "वहिनी, यांना बांधून ठेवा बरं. नाहीतर मधेच उतरून जॅकला हात घालतील."

"दारांना कुलपं लावता ना तुम्ही? मग मला कशाला कामाला लावता, भाऊजी?"

"तेही खरं. जॅक मात्र तेच हां अलगदराव, तुमच्या वेळचे. माणसंही तीच. बिघडलं तर नाव तुमचंच जाणार." तो हसत हसत काच वर करायची खूण करून निघून गेला.

अलगदरावांनी काच लावली. मग ते पुन्हा पेल्याकडे बघत बसले.

या गाडीनेच जायचं, हा त्यांचा हट्ट होता. लेकीने, टिल्लूने, फोनवर फार समजावलं होतं. तिला मुलगी झाली होती; बाळ आता बसायला लागलं होतं आणि आजी-आजोबांनी त्याला फक्त फोनच्या चौकोनात पाहिलं होतं. "बाबा, विमानाने या. चहा येईल, तो संपेपर्यंत उतराल." मागून जावई म्हणाले, बोटीने यावं, बोटीत पाय मोकळे करता येतात, रात्री झोपलं की सकाळी किनारा. अलगदरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं.

"विमानातून सीमा दिसत नाही," ते म्हणाले होते. "आणि बोटीखाली नुसतं पाणी, तिथे कसली सीमा. मी इतकी माणसं ज्या वाटेने पार केली, त्याच वाटेने येणार."

"पण सीमेवर खोळंबा होतो हो. नका ना येऊ रेल्वेने."

"तुला काय माहीत खोळंबा? तू तर झोपली होतीस."

टिल्लू एवढंच म्हणाली होती, "बरं. या."

टिल्लू घर सोडून गेली ती याच गाडीने. पलीकडच्या शहरातल्या इस्पितळात तिला नोकरी लागली होती. गावात काय कमी आहे, असं अलगदरावांचं म्हणणं. तिचं म्हणणं, गावात काय आहे. शब्दाने शब्द वाढला आणि शेवटचा आठवडाभर बापलेक एका भिंतीच्या दोन बाजूंना असल्यासारखे घरात वावरले. निघायच्या दिवशी गाडी पहाटे होती. अलगदराव तिच्या आधीच उठून कामावर गेले, तिला 'ये' सुद्धा म्हणाले नाहीत. लेकीला गाडीत बसवून वहिनी तशाच रुळांच्या कडेने शेडपर्यंत गेल्या आणि दारातून एवढंच म्हणाल्या, "तिसऱ्या डब्यात आहे. खिडकीपाशी."

त्या दिवशी तिसऱ्या डब्याचा जॅक अलगदरावांनी स्वतः मागून घेतला. कुणाचाही डबा उचलला नसेल इतक्या अलगद तो डबा त्यांनी उचलला आणि टेकवला. महिनाभराने टिल्लूचा फोन आला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सीमेवर झोपमोड झाली का गं?"

"नाही बाबा. झोप लागली होती. काही कळलंच नाही."

हे वाक्य अलगदरावांनी शेडमध्ये किती वेळा सांगितलं असेल याला गणती नाही. काही कळलंच नाही म्हणाली पोरगी! त्यानंतर त्यांनी लेकीची माफी कधी मागितली नाही. त्यांच्या लेखी ती त्या पहाटे जॅकच्या दांड्यावर मागून झाली होती. टिल्लू वर्षाआड घरी येई, हसे, बोले, बाबांना आवडतं ते करून घाली. येई मात्र विमानाने. वेळ वाचतो, म्हणे.

शिट्टी झाली. दारांची कुलपं एकामागून एक वाजली आणि दिवे गेले. शेडचा करडा उजेड खिडकीतून आत आला. अलगदराव उठले.

"मी समोरच्या खिडकीतून बघतो. लंबू त्या बाजूला असेल. तू पेल्यावर लक्ष ठेव."

ते डब्याच्या अरुंद वाटेत जाऊन पलीकडच्या खिडकीशी उभे राहिले. बाकावरून त्यांची पाठ दिसत होती. नवा कोट, घडीची रेघ अजून न मोडलेली.

चष्मेवाल्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी खिशात घातली आणि पेटीवर दोन्ही हात घट्ट दाबले. "मावशी, पाठ टेकू नका बाकाला," तो हळूच म्हणाला. "आणि दातांवर दात ठेवू नका."

वहिनी काही विचारणार, तेवढ्यात खालून पहिला घाव बसला. लोखंडावर लोखंड. तो आवाज कानांनी ऐकायचा नव्हताच. तो तळव्यांतून शिरला आणि थेट दाढांत वाजला. पेल्यातल्या फुगलेल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठली. दुसरा घाव. तिसरा. फळीवरची बाटली थरथरत कडेला सरकायला लागली, ती वहिनींनी धरली. मग कुठेतरी काहीतरी सुटलं, डबा एका अंगाला कलल्यासारखा झाला, थांबला, आणि हिसक्याने वर निघाला. कर्र आवाज करत. मागच्या डब्यात एक मूल रडायला लागलं.

पाणी काठावरून गेलं. आधी ओघळ, मग चांगलंच. फळीवरून वहिनींच्या मांडीवर, तिथून पायाशी ठेवलेल्या पिशवीवर. पिशवीत बाळाचं विणलेलं टोपडं होतं.

"बोट परवडली," चष्मेवाला डोळे मिटून म्हणत होता. "बोट लागते मला, पण निदान लाट येताना दिसते. विमानात पेटी पोटात टाकतात, फ्रेमा मोडतात. म्हणून ही गाडी. पण दर वेळी इथे आलं की वाटतं, मोडू दे."

"दर वेळी असंच होतं?"

"आज बरंच बरं आहे."

वहिनी पलीकडे बघत होत्या. अलगदरावांची पाठ हलली नव्हती, पण त्यांनी खिडकीची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. बराच वेळ डबा तसाच अधांतरी राहिला. खालून चाकं घरंगळल्याचा आवाज आला, माणसांची हाळी आली, आणि त्यात लंबूचा आवाज ओळखू आला: "अलगद... अलगद..." मग डबा उतरायला लागला, आणि नव्या चाकांवर टेकताना जो दणका बसला, त्याने पेला फळीच्या कडेपर्यंत आला. वहिनींनी तो वरच्यावर धरला. अर्धासुद्धा उरला नव्हता.

वहिनींचे नेम पुष्कळ होते. देवाचं नाव घेतल्याशिवाय सकाळचा घास नाही, संध्याकाळी लेकीच्या नावाने हात जोडल्याशिवाय दिवा नाही. पण सगळ्यात जुना नेम खोटं न बोलण्याचा. तो इतका कडक, की नको असलेला पाहुणा दारात आला तर अलगदराव आधी त्यांना स्वयंपाकघरात पाठवत आणि मग बाहेर जाऊन काय ते सांगत.

त्यांनी पंच्याने फळी पुसली. मांडी पुसली. पेला मधोमध ठेवला आणि बाटली तिरपी केली. काठापर्यंत पाणी आलं तेव्हा शेवटचे थेंब एकेक करून सोडले.

"मावशी," चष्मेवाला म्हणाला, "सांडलं होतं की हो."

"तुम्ही चष्मा काढला होता ना?"

"काढला होता."

"मग कशाला डोळ्यांना ताण देता."

तो हसला, आणि अलगदराव येताना दिसले तसा गप्प झाला.

ते येऊन बसले. दिवे परत आले होते. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. बाटली मघापेक्षा बरीच रिकामी होती. फळीच्या फटीत एक थेंब अडकून चमकत होता.

"पाणी हललं का?" त्यांनी विचारलं.

"पेला भरलेला आहे," वहिनी म्हणाल्या.

अलगदराव त्यांच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना बायकोच्या उत्तरांची पारख झाली होती. काय विचारलं की कुठलं उत्तर येतं, आणि कुठलं का येत नाही. त्यांनी मान डोलावली.

चष्मेवाल्याने चष्मा घातला, पेटी काखोटीला मारली आणि चहा मिळतो का बघतो म्हणून तो निघून गेला.

गाडी जोडली जात होती. लहान लहान धक्के बसत होते.

"लंबू इथे होता," अलगदराव म्हणाले आणि खिडकीच्या काचेपासून हातभर अंतर दाखवलं. "इतका जवळ. त्याच्या टोपीवरचा ग्रीसचा डाग दिसत होता मला."

"हं."

"मी काचेवर वाजवलं. म्हटलं, काय रे हे, जरा सांभाळून. दोनदा वाजवलं. त्यानं वर बघितलंच नाही."

वहिनी ऐकत होत्या.

"तो बघणार नाहीच. जॅकवर असताना वर बघायचं नसतं, मीच शिकवलंय त्याला." ते थांबले. "मग जोरात वाजवलं. तरी नाही. आवाजच जात नाही गं खाली."

गाडी सुटली. शेडचं छप्पर मागे गेलं आणि उन्हाचा पट्टा फळीवर आला. पेल्यातलं पाणी डुचमळून एका बाजूने सांडलं. या वेळी दोघांनीही ते पाहिलं. सीमेची पाटी येऊन गेली. अलीकडे शेतं होती, पलीकडेही शेतंच होती.

बऱ्याच वेळाने अलगदराव म्हणाले, "ती जागी होती."

वहिनींनी पिशवीतून ओलं टोपडं काढलं आणि खिडकीच्या दांडीवर उन्हात घातलं.

"तिसरा डबा," अलगदराव म्हणाले. "खिडकीपाशी. तू सांगितलं होतंस मला."

"सांगितलं होतं."

त्यांनी पेला उचलला, निम्मा प्यायले, उरलेला बायकोपुढे धरला. मग तो रिकामा पेला पंच्यात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवून दिला. संध्याकाळी वहिनींनी हात जोडले तेव्हा ते नेहमीसारखे दुसरीकडे बघत बसले नाहीत. त्यांनीही हात जोडले, थोडे अवघडून, मांडीवरच.

सकाळी गाडी पोचली तेव्हा फलाटावर गारठा होता. टिल्लू गर्दीतून वाट काढत आली. बाळ तिच्या छातीशी बांधलेलं होतं, त्याचं नुसतं कपाळ दिसत होतं. तिने आईला मिठी मारली. वहिनींनी पिशवीतून टोपडं काढून बाळाच्या डोक्यावर चढवलं. ते वाळून थोडं कडक झालं होतं. मग टिल्लू बाबांपुढे उभी राहिली. दोघांनाही हातांचं काय करावं ते कळेना, तेव्हा अलगदरावांनी बाळाच्या पायाचा अंगठा चिमटीत धरून हलकेच हलवला.

"अगदी तुझा पाय," ते म्हणाले.

"सगळे म्हणतात, तिच्या बाबांवर गेलीय." टिल्लूने बॅगेची मूठ धरली. मग न राहवून विचारलं, "फार त्रास झाला का हो? सीमेवर?"

"छे," अलगदराव म्हणाले. "झोप लागली होती. काही कळलंच नाही."

बॅगेच्या मुठीवर टिल्लूचा हात तसाच राहिला. तिने वडिलांकडे पाहिलं. ते बाळाकडे बघत होते. मग तिने आईकडे पाहिलं. या घरात खरं काय ते जाणून घ्यायचं तर आईकडेच बघायचं असतं.

वहिनी टोपड्याचा बंद बांधत होत्या. गाठ सैल झाली होती, ती त्यांनी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"चला," टिल्लू म्हणाली. "बाहेर गाडी उभी केलीय."

बाहेर वारा होता, म्हणून अलगदरावांनी मायलेकींना आधी आत बसवलं, दार लावलं आणि सामान एकट्यानेच ठेवायला घेतलं. मोठी बॅग मागे गेली. पिशवीचं तोंड उघडं होतं, ती त्यांनी दाराजवळ जमिनीवर ठेवली आणि वाकून दोरी आवळायला लागले. खिशातला पेला टोचत होता. दोरी जुनी, बोटं गारठलेली. त्यांचं सगळं लक्ष त्या गाठीत होतं.

आत वहिनींच्या शेजारी टिल्लू बाळाला घेऊन बसली होती. काचेपलीकडे, हातभर अंतरावर, वडिलांची वाकलेली टोपी होती. ती थोडा वेळ त्या टोपीकडे बघत राहिली.

मग तिने बोटाच्या पेराने काचेवर वाजवलं. एकदाच, आणि फार हळू.

अलगदरावांनी वर पाहिलं.